मोरोक्कोचा दात: चिठ्ठीवर इक्थिओसॉर लिहिलंय, पटतं का?

शंखवेडा
भेट म्हणून एक दात मिळाला आहे. सोबतच्या चिठ्ठीवर ‘इक्थिओसॉर, खुरिब्गा, मोरोक्को’ एवढंच आहे. लांबी ३८ मिमी, रंग मधासारखा तपकिरी, टोक किंचित मागे वळलेलं, खाली फिकट जाड बुंधा. चित्रांमध्ये इक्थिओसॉरचे, म्हणजे त्या माशासारख्या नामशेष सागरी सरीसृपाचे, दात असेच निमुळते दिसतात. खात्री कशी करायची?

खडकवाचक
चिठ्ठीतलं ठिकाण खरं असेल तर प्राणी नक्की चुकलाय. खुरिब्गाच्या फॉस्फेट खाणींत क्रिटेशसचे, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाचे, जे थर आहेत ते त्या काळाच्या अगदी अखेरचे, ढोबळमानाने ७.२ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. इक्थिओसॉर त्याच्या कितीतरी आधी, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाले होते. म्हणून मी दाताआधी नेहमी थर विचारते.

आता भिंग घ्या. निमुळत्या आकारावर जाऊ नका, निसरडं भक्ष्य पकडणाऱ्या बऱ्याच प्राण्यांचे दात तसे असतात. कडा शोधा. पुढे एक आणि मागे एक अशा टोकापासून खाली उतरणाऱ्या दोन कडा नखाला लागतात का? लागल्या तर प्लेसिओसॉर, हा दुसरा नामशेष सागरी सरीसृप, जवळजवळ बाद. त्याचा दात सडपातळ, छेद गोलसर आणि अंगावर बारीक उभ्या रेघा असतात. मग दात टोकाकडून बघा. एक बाजू चपटी आणि दुसरी फुगीर असेल, इनॅमलवर रुंद उभे पैलू असतील, तर मोसासॉरसचा विचार करा; मोसासॉर हा नामशेष सागरी सरीसृपांचा गट आणि मोसासॉरस त्यातलाच एक.

आणि बुंधा! मला सगळ्यात जास्त तोच आवडतो. मोसासॉरचा दात जबड्याला घट्ट जोडलेल्या जाड, हाडासारख्या बुंध्यावर उभा असतो. त्याच्या आतल्या बाजूला खळगा दिसला तर तिथे पुढचा दात तयार होत होता. या प्राण्यांचे दात आयुष्यभर बदलत राहायचे. इक्थिओसॉरच्या मुळावर याउलट खोल उभ्या चुण्या असतात, कारण आतलं डेंटीन, म्हणजे दाताचा मुख्य कठीण भाग, दुमडलेलं असतं.

शंखवेडा
ताई, दोन्ही कडा आहेत, बाहेरची बाजू चपटी आहे, पैलूही दिसतात. खळगा आहे. पण दात आणि बुंधा जिथे मिळतात तिथे वाळूचा चकचकीत पट्टा आहे.

गाळसाठा
मगर का नाही? मगरींनाही दोन कडा असतात.

खडकवाचक
रास्त शंका आहे. खुरिब्गात वरच्या, क्रिटेशसनंतरच्या थरांत डायरोसॉर कुळातल्या मगरसदृश प्राण्यांचे दात भरपूर मिळतात. पण मगरीचा दात जबड्यातल्या खाचेत सुटा बसतो आणि गळून पडलेल्या दाताच्या तळाशी शंकूसारखी पोकळी दिसते. असा फुगीर, हाडासारखा बुंधा मगरीला नसतो.

शंखवेडा, तो पट्टा मात्र नीट तपासा. खुरिब्गातले दात ठिसूळ असतात, त्यामुळे खाणीतच गोंद लावतात. नुसता गोंद दिसला म्हणून दात खोटा ठरत नाही. पण एकाचा दात, दुसऱ्याचा बुंधा आणि मधे वाळू अशी जोडकामंही खूप होतात. अंधारात अतिनील टॉर्च मारा, बरेचसे गोंद वेगळे चमकतात. मग कापसाला थोडं ॲसिटोन लावून पट्ट्याच्या कोपऱ्यावर टेका. वाळू सुटून आली तर भर घातलेली आहे. सगळे गोंद ॲसिटोनने विरघळत नाहीत, तेव्हा काहीच झालं नाही तरी निर्धास्त होऊ नका. टोकरून बघू नका, इनॅमल पापुद्र्यासारखं उडतं. दात आणि बुंध्याचा घेर एकमेकांशी जुळतो का तेही पाहा.

शंखवेडा
घेर जुळतो. वाळू फक्त एका बाजूला सुटली, खाली भेगेची रेघ आहे. प्रजाती सांगता येईल?

खडकवाचक
म्हणजे मोडलेला दात पुन्हा चिकटवलाय, दात आणि बुंधा एकाचेच असावेत. प्रजातीचा हट्ट मी धरणार नाही. एकाच जबड्यात पुढचे, मधले आणि मागचे दात वेगळे असतात. ‘मोसासॉर, बहुधा मोसासॉरस, दुरुस्त केलेला’ असं लिहा, आणि ठिकाण लिहिलेली जुनी चिठ्ठी त्याच डबीत ठेवा.