पाणीटंचाईच्या रोजच्या कटकटीकडे विधायक दृष्टीने पाहायचे म्हणजे काय करायचे?

मधला मजला:
आमच्या सोसायटीत २४ सदनिका आहेत आणि यंदा सचिवपद माझ्या गळ्यात पडले आहे. मार्च उजाडला की पाणी कमी दाबाने येऊ लागते, टँकर मागवावे लागतात आणि प्रत्येक सभेत तोच पाढा वाचला जातो. वरच्या मजल्यावरचे खालच्यांवर खापर फोडतात, मालक भाडेकरूंवर, आणि शेवटी सगळे मिळून सचिवावर. ‘अडचणींकडे विधायक दृष्टीने पाहा’ हा सल्ला मला लिफ्टमध्येसुद्धा मिळतो. परंतु सकाळी सहाला तोंडाला साबण लावलेला असताना नळातून नुसती हवा येते, तेव्हा त्या दृष्टीचे नेमके काय करायचे हे कोणी सांगत नाही. स्वभाव बदलण्याचा उपदेश नको, करण्यासारखे काही असेल तर सांगावे.

निवृत्त ओव्हरसियर:
आधी मोजमाप करावे. ‘पाणी पुरत नाही’ ही तक्रार आहे, तर ‘किती येते आणि किती जाते’ हा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर मिळू शकते. शहरी घरगुती वापरासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण आपल्याकडे सर्रास धरले जाते. सदनिकेमागे चार माणसे धरली, तर तुमची गरज दिवसाला सुमारे १३,००० लिटर होते. प्रत्यक्षात याहून बरेच जास्त पाणी संपत असेल, तर दोष केवळ येणाऱ्या पाण्यात नाही.

रात्री साडेअकराला पंप बंद करून गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि पहाटे साडेचारला ती पुन्हा पाहावी. टाकी तीन मीटर बाय दोन मीटर असेल, तर पातळी एक सेंटिमीटर उतरणे म्हणजे ६० लिटर. सगळे झोपलेले असताना पातळी भराभर उतरत असेल, तर कुठेतरी गळती आहे. बहुतेकदा ती फ्लशच्या टाकीत सापडते, कारण तिचा आवाज होत नाही. त्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश वापरू नये. रंग भांड्यात उतरला, तर आतले वॉशर गेले आहे असे समजावे. दहा मिनिटांत लिटरभर पाणी जाणारी बारीक धारसुद्धा दिवसाला १४४ लिटर घालवते, म्हणजे एका माणसाच्या वाट्याहून अधिक.

कागदोपत्री:
वरील सूचना उत्तम आहेत, तरीही एका गोष्टीला माझा आक्षेप आहे. विधायक वृत्तीचा अर्थ सगळा दोष स्वतःच्या वॉशरमध्ये शोधणे असा होऊ नये. (हा सल्ला देणारे बरेचदा तळमजल्यावर राहणारे असतात, हा भाग वेगळा.) राग अवश्य यावा, फक्त तो योग्य पत्त्यावर जावा. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानुसार अर्ज करावा. उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. मात्र ‘आम्हाला पाणी कमी का?’ असे विचारू नये, कारण ‘का’ला बहुधा टोलवाटोलवीचे उत्तर मिळते. तुमच्या भागातील व्हॉल्व्ह उघडण्याच्या व बंद करण्याच्या वेळांची नोंदवही आणि दाबाच्या नोंदी यांच्या प्रती मागाव्यात. चावीवाल्याशी रस्त्यात हुज्जत घालून काहीही साधत नाही, त्याच्या हाती वेळापत्रक असते, निर्णय नसतो.

गच्चीवाली:
पावसाचे पाणी साठवण्याचा विषय सभेत निघेलच, म्हणून आधीच हिशेब मांडते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. गच्ची ३०० चौरस मीटरची आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर २,१०,००० लिटर पडतात. वीस टक्के वाया गेले असे मानले, तरी १,६८,००० लिटर हाती राहतात. आकडा ऐकून लोक हुरळतात, पण तुमच्या गरजेच्या मानाने ते तेरा दिवसांचे पाणी आहे आणि तेही टंचाई नसलेल्या महिन्यांत पडते. बोअर असेल तर गाळून त्याच्या पुनर्भरणासाठी वापरणे शहाणपणाचे. मात्र त्यामुळे टँकर बंद होईल असे आश्वासन सभेत देऊ नये.

आमच्याकडे भांडणे कमी झाली ती एका साध्या फळ्यामुळे. मीटरचे रोजचे वाचन आणि त्या दिवशी टँकर आला का, एवढेच जिन्याजवळ लिहिले जाते. आकडा अचानक वाढला की लोक शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी प्लंबरला फोन करतात. सगळेच करतात असे नाही. दोन कुटुंबे अजूनही फळा खोटा आहे असे म्हणतात.

मधला मजला:
सर्वांचे आभार. टाकीची चाचणी या शनिवारी रात्री घेतो. बंद असलेल्या तीन सदनिकांमधील फ्लश तपासण्यासाठी मालकांकडून किल्ल्या मागवल्या आहेत. एकच शंका उरते: तळटाकीची गळती याच पद्धतीने कळेल का?

निवृत्त ओव्हरसियर:
कळेल. येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह आणि पंप दोन्ही बंद ठेवून खूण करावी. मात्र ती चाचणी वेगळ्या रात्री घ्यावी, म्हणजे दोन्ही टाक्या एकाच वेळी अडकणार नाहीत.