मदत हवी आहे: मंदीत थकलेली बिले आणि छोट्या सॉफ्टवेअर कंपनीची रोकड

सांगलीतील आमची छोटी कंपनी बेदाण्याच्या शीतगृहांना साठ्याचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर मासिक शुल्कावर पुरवते; बाजार मंदावल्यापासून ग्राहक टिकून आहेत, पण बिले महिनोन्महिने थकतात. कार्यालय लहान केले, सर्व्हरचा खर्च घटवला, भरती थांबवली. माणसे मात्र कमी करायची नाहीत, कारण हे काम शिकलेली मुले पुण्याला गेली की सहसा परतत नाहीत. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) आहे आणि लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार फार तर ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, तरी तक्रार केल्यास जुने संबंध तुटतील. तारण ठेवण्याजोगी मालमत्ता नाही. अशा वेळी सवलत देऊन वर्षाचे शुल्क आगाऊ घ्यावे की सीजीटीएमएसईच्या (लघुउद्योगांच्या विनातारण कर्जाला हमी देणारा सरकारी न्यास) हमीवर बँकेकडून कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे उचलता येणारे कर्ज) घ्यावे, आणि आगाऊ शुल्कावर किती सवलत परवडते?