बॅरी बाँड्सला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात) घ्या, आता पुरे झालं

बे_एरियाकर:
डिसेंबर २०२५ मध्ये, पत्रकारांच्या मतदानात राहून गेलेल्यांचा पुन्हा विचार करणाऱ्या १६ जणांच्या कमिटीने जेफ केंटला १४ मतं देऊन आत घेतलं, आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्स टीममध्ये त्याच्याबरोबर खेळलेल्या बॅरी बाँड्सला पाच मतंसुद्धा नाहीत! पाचपेक्षा कमी मतांच्या नवीन नियमामुळे आता २०३१ पर्यंत त्याचं नावच येणार नाही. ७६२ होम रन, ७ एमव्हीपी (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान), अजून काय पाहिजे? २८ मे १९९८ ची मॅच आठवा, नववी इनिंग, ॲरिझोना ८-६ ने पुढे, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले आणि समोर बाँड्स, तर त्यांनी मुद्दाम चार बॉल बाहेर टाकून त्याला पहिला बेस, म्हणजे बेस भरलेले असल्याने एक रन, फुकट दिला पण याला मारू दिलं नाही, आणि पुढच्याला आउट करून मॅच जिंकली. एवढी दहशत होती त्याची, आणि स्टेरॉइडचे आरोप त्यानंतरच्या वर्षांचे आहेत. तोवर ३ एमव्हीपी घेऊन झाले होते.

डावखुरा_पिचर:
अजिबात पटत नाही. त्याच काळातल्या फ्रेड मॅक्ग्रिफचं काय मग? ४९३ होम रन, स्टेरॉइडशी नाव कधी जोडलं गेलं नाही, आणि पत्रकारांच्या मतदानात यादीतल्या शेवटच्या वर्षी २०१९ ला ३९.८ टक्के, लागतात ७५. त्याचे आकडे फिके दिसले कारण शेजारी मार्क मॅग्वायरचे एका सीझनमधले ७० आणि बाँड्सचे ७३ होम रन उभे होते. नंतर कमिटीने १६ पैकी १६ मतं दिली ती २०२२ च्या डिसेंबरात. सरळ खेळणाऱ्याचं नुकसान कोणी मोजतच नाही.

बे_एरियाकर:
मॅक्ग्रिफवर अन्याय झाला, मान्य. पण ज्याच्या काळात हे सगळं चाललं तो लीगचा प्रमुख, कमिशनर बड सीलिग २०१७ ला सन्मानाने आत गेला ना? २००३ च्या स्टेरॉइड टेस्टमध्ये बॉस्टनच्या डेव्हिड ऑर्टीझचं नाव असल्याची बातमी आली होती, तरी २०२२ ला तो पहिल्याच वर्षी आत, आणि त्याच मतदानात बाँड्स ६६ टक्क्यांवर अडकला, तेही दहाव्या आणि शेवटच्या वर्षी.

शिकागोची_मावशी:
ऑर्टीझला यात ओढू नकोस रे. ती टेस्ट गुप्त होती, शिक्षा नव्हती, आणि त्यातले काही रिझल्ट भरवशाचे नव्हते हे सीलिगनंतरच्या कमिशनर मॅनफ्रेडनेच २०१६ ला सांगितलं. माझं मत विचारशील तर २००४ पासून शिक्षा सुरू झाली, त्यानंतर नियम माहीत असून जे सापडले ते बाहेर. बॅट्समन मॅनी रामिरेझ दोनदा सापडला, त्याला माझं मत नाही. बाँड्सला आहे.

डावखुरा_पिचर:
मावशी, म्हणजे सापडला नाही म्हणून चालेल? खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणाऱ्या बाल्को कंपनीच्या प्रकरणात, क्रीम आणि थेंब वापरले पण ते स्टेरॉइड आहेत हे माहीत नव्हतं, असं बाँड्सने ग्रँड ज्युरीला (कोर्टातल्या चौकशीच्या मंडळाला) सांगितल्याचं छापून आलंय. शरीराला इतकं जपणारा खेळाडू ट्रेनर काय देतोय हे विचारणार नाही? मला नाही पटत. मतदानाच्या नियमात चारित्र्य आणि खिलाडूवृत्ती हे शब्द लिहिलेत, ते पाळायचे नसतील तर काढून टाका.

बे_एरियाकर:
मग ते सीलिगलाही लावा. मालक, कमिशनर सगळ्यांनी त्या होम रनवर स्टेडियम भरली, आणि दार बंद फक्त खेळाडूंना, हे मला कधीच मान्य होणार नाही.