हिंदू कुशने खरंच झोप लागते का?

मिसिसागाकर:
रात्री दोन वाजले तरी डोळा लागत नाही. इथे कॅनडात गांजाच्या दुकानात एका पोराने 'हिंदू कुश' नावाचं वाण गळ्यात मारलं. म्हणे इंडिका प्रकारचं आहे, पडल्या पडल्या घोराल. डबीवर टीएचसी (नशा आणणारा घटक) २१ टक्के. होळीच्या भांगेपलीकडे माझी मजल नाही. वय ५२, बीपीची गोळी चालू. कुणी घेतलंय का?

गल्ल्यावरची_ताई:
दादा, मी ओंटारिओतच अशा दुकानात गल्ल्यावर असते, हा प्रश्न रोजचा. हिंदू कुश हे अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या डोंगराळ पट्ट्यातलं वाण. झाड बुटकं, पान रुंद, फूल गच्च आणि बोटाला चिकटणारं. डबी उघडा, ओल्या मातीसारखा आणि थोडा चंदनासारखा वास येईल. पण इंडिका म्हणजे झोप, हे आम्हा विकणाऱ्यांचं सोयीचं गणित. ते नाव झाडाच्या ठेवणीचं. आता बहुतेक वाणं संकरित, त्यामुळे त्यावरून परिणाम ठरवता येत नाही.

तुम्ही तो २१चा आकडा बघा. ०.१ ग्रॅम फुलात २१ मिलिग्रॅम टीएचसी. सगळं अंगात जात नाही हे खरं, पण कॅनडात गमीच्या (टीएचसी घातलेल्या चघळायच्या गोळ्यांच्या) अख्ख्या पाकिटाला १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, यावरून अंदाज घ्या. नवख्याला अडीच मिलिग्रॅमही पुरतं.

अंग जड होतं, तोंडाला कोरड पडते, डोळे लाल होतात, भूक खवळते. छातीत धडधडतं, आणि बीपीच्या गोळीवर असताना झटकन उठलात तर भोवळ येऊ शकते. आधी फार्मासिस्टला विचारा, लाजू नका. झोप लवकर लागते, पण स्वप्नांची झोप कमी होते. रोज घेऊन एकदम सोडलंत की आठवडाभर चित्रविचित्र स्वप्नं!

कोथरूडचा_बंड्या:
ताई, झुरक्यापेक्षा गमी बरी ना? दादा, येताना चार टाका बॅगेत 😄

गल्ल्यावरची_ताई:
धूर नको असेल तर बरी, पण ती चढायला दोन तासही लागतात. लोक तासाभरात "काहीच होत नाही" म्हणून दुसरी खातात आणि मग रात्रभर भिंतीला धरून बसतात. आणि बॅगेचं नावही काढू नका. कॅनडाच्या हद्दीबाहेर नेणं इथे गुन्हा, तिकडे भारतात १९८५चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा.

कोथरूडचा_बंड्या:
मग भांग?

गल्ल्यावरची_ताई:
एनडीपीएसमध्ये गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, नुसती पानं त्यात येत नाहीत. पण महाराष्ट्रात भांगेलाही परवाना लागतो, बंड्याभाऊ.

मिसिसागाकर:
फार्मासिस्टकडे जाऊन आलो. बाई म्हणाल्या, आधी डॉक्टरांना दाखवा, आणि रात्री साडेनऊचा चहा बंद. चहाचं बायको केव्हापासून सांगत होती, तिला कळवलेलं नाही. डबी तूर्त बंद.