मदत हवी आहे: सोनोग्राफी नॉर्मल, तरी किडनीचा सीटी कशाला?

घाईतला_मामा:
लवकर सांगा कोणीतरी. भाचा काल संध्याकाळी नागपुरात मानेवाड्यात गाडीवरून पडला, हँडल डाव्या कुशीत घुसलं. सोनोग्राफी झाली, नॉर्मल आहे. आता डॉक्टर म्हणतात काँट्रास्टवाला, म्हणजे शिरेतून औषध देऊन, सीटी काढा. पैसे काढायचे धंदे वाटतात. काढायचा की नाही, एवढंच सांगा.

जुना_लॅबवाला:
लघवीचा रिपोर्ट काय? बीपी किती?

कुळीथप्रेमी:
मलाही डाव्या कुशीत असंच दुखायचं, खडा निघाला. रोज सकाळी कुळथाचं कढण घ्या. सीटी काढायचाच तर बिनकाँट्रास्टचा काढा, स्वस्तात होतो.

क्ष_किरण:
कुळीथभाऊ, खड्याचं विचारलं कोणी? खड्याला साधा सीटी पुरतो. मार लागलेल्या किडनीत चीर किती खोल गेली, रक्त पोचतंय का, हे शिरेतून औषध दिल्याशिवाय नीट दिसत नाही. आणि १० मिनिटांनी वगैरे पुन्हा फोटो घ्यायचे, औषध लघवीत उतरल्यावर. लघवीची गळती असेल तर तेव्हाच कळते. अपघात झाल्यावर जी पटकन सोनोग्राफी करतात ती पोटात मोकळं रक्त साचलंय का, एवढंच बघते. किडनी पोटाच्या पडद्यामागे असते; तिथली चीर बरेचदा सुटून जाते.

गोधनीकर:
म्हणून काय सगळ्यांना सीटीत घालायचं? नियम ठरलेला आहे. लघवी डोळ्यांना लाल दिसली की सीटी. नुसत्या मायक्रोस्कोपखाली रक्तपेशी दिसल्या, वरचं बीपी एकदाही ९० च्या खाली गेलं नाही आणि दुसरा मार नाही, तर सहसा गरज नसते. लघवी पुन्हा तपासायची, बस.

क्ष_किरण:
अर्धाच नियम सांगितला राजेहो. उंचावरून पडला, वेगात असताना धाडकन थांबला, खालच्या फासळ्या मोडल्या किंवा कूस काळीनिळी झाली, तर लघवी साफ असली तरी विचार करावा लागतो. किडनीची रक्तवाहिनीच बंद पडली तर लघवीत रक्त येणार कुठून?

वैतागलेला_नागपूरकर:
खरा प्रश्न रस्त्याचा आहे. सिमेंट रोड एवढा उंच, बाजूचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) तेवढे खाली. चाक त्या फटीत गेलं की खेळ खल्लास. यावर कोणी बोलत नाही.

घाईतला_मामा:
बीपी १००/६०. लघवीत आरबीसी, म्हणजे लाल रक्तपेशी, १५-२० लिहिलंय. म्हणजे गोधनीकर म्हणतात तसं, गरज नाही ना? आणि गाडी म्हणजे सायकल हो. सहावीत आहे, त्याला गाडी कोण देणार?

जुना_लॅबवाला:
सहावीत! अहो मामा, हे पहिल्या ओळीत नको का?

पोरांच्या_वॉर्डातली_सिस्टर:
मोठ्यांचा ९० चा नियम मुलांना लावत नाहीत. त्यांचं बीपी बरंच रक्त जाईपर्यंत टिकतं आणि मग एकदम कोसळतं. किडनीभोवती चरबी कमी, फासळ्या लवचिक, त्यामुळे मारही आत लवकर पोचतो. ५० च्या वर पेशी असल्या तर फोटो काढायचा, असा आकडा बऱ्याच ठिकाणी धरतात. पण १५-२० आल्या म्हणून सुटलो असं नाही. सायकलचं हँडल फार फसवं असतं. स्वादुपिंड आणि आतडं मणक्यावर दाबलं जातं, त्रास उशिरा दिसतो. उलटी झाली का? पोटावर हँडलचा गोल वण आहे का? आणि पडल्यावर पहिली लघवी कोणत्या रंगाची झाली?

घाईतला_मामा:
ताईला फोन केला. रात्री कोऱ्या चहासारखी झाली म्हणते. तिला वाटलं उन्हात खेळला, पाणी कमी प्यायला. आज पिवळी आहे. उलटी एक झाली. वण आहे.

कुळीथप्रेमी:
पाणी कमी प्यायल्यानेच खडा होतो. म्हणून म्हणतो, कुळीथ.

क्ष_किरण:
मामा, उठा आणि जा. पडल्यावर कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी म्हणजे रक्तच समजायचं. डॉक्टरांनी बरोबरच सांगितलंय. पैशाची अडचण असेल तर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, ट्रॉमा सेंटरला न्या. घाम, चक्कर, अंग गार पडलं तर सरळ १०८. डॉक्टर बघेपर्यंत काही खाऊ घालू नका, आणि ही लघवीची गोष्ट त्यांना आधी सांगा. रिपोर्टवर ती नाही.

गोधनीकर:
लहान पोराला रेडिएशन, तेही लिहा की.

क्ष_किरण:
वजनाप्रमाणे डोस कमी करतात. आता वाद नको.

गोधनीकर:
नंतर पुन्हा पुन्हा सीटी नको म्हणा, सोनोग्राफीवर लक्ष ठेवा म्हणा.

पोरांच्या_वॉर्डातली_सिस्टर:
हे मात्र बरोबर. पुढे बहुतेक तसंच करतात.

घाईतला_मामा:
काढला. डाव्या किडनीत चीर, ग्रेड ३. गळती नाही, स्वादुपिंड ठीक. भरती करून घेतलंय, पलंगावरून उठू देत नाहीत. ग्रेड ३ म्हणजे ऑपरेशन का? लवकर सांगा.

पोरांच्या_वॉर्डातली_सिस्टर:
पाचातली तिसरी. बीपी, हिमोग्लोबिन स्थिर राहिलं तर अशी बहुतेक मुलं बिनऑपरेशनची बरी होतात. सायकल आणि धिंगाणा डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. हिमोग्लोबिन किती आलं?

घाईतला_मामा:
नॉर्मल.

जुना_लॅबवाला:
आकडा लिहा मामा, आकडा! कालचा आणि आजचा, दोन्ही.