एव्हियनला मेजर केलं कोणी? घरात शेव-उसळीची पैज लागलीय

दांडियाबाजारकरीण:
नमस्कार मंडळी, बडोद्यातलं कोणी बायकांचं गोल्फ बघतं का इथे, का सगळे क्रिकेटवालेच? एव्हियन म्हणजे फ्रान्समधली बायकांची गोल्फ स्पर्धा, तिची २०२५ची फायनल आम्ही घरी लावली होती, फ्रान्समधली दुपार म्हणजे आपल्याकडे दिवेलागणी, त्यामुळे आईसुद्धा येऊन बसली. प्लेऑफमध्ये (बरोबरी झाली की जादा होल खेळतात ते) त्या ग्रेस किमचा बॉल पाण्यात गेला, आई म्हणाली संपलं बाई हिचं आणि उठली आमटीकडे बघायला, तेवढ्यात त्या पोरीने पेनल्टीचा एक फटका घेऊन ग्रीनच्या (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) बाहेरून चिप मारली ती थेट होलमध्ये! पाण्यात घालूनसुद्धा बर्डी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी!! समोरच्या जीनो थिटिकुलनेही बर्डी मारली म्हणून तोच होल परत खेळले तर किमने ईगल (दोन फटके कमी) मारून मॅचच संपवली. आमटी लागली ती लागलीच.

तर मुद्दा असा की दादा म्हणतो ही खरी मेजर (म्हणजे सगळ्यात मानाच्या मोजक्या स्पर्धांपैकी) नाहीच, मेजर चारच असतात, ही बाटलीच्या पाण्यावाल्यांची स्पर्धा, पैसा ओतला आणि मेजर झाली. मी म्हटलं बायकांच्या पाच आहेत. पैज लागलीय. मेजर ठरवतं कोण, कोणी नीट सांगेल का?

सुरसागर_काठावरून:
दादा अर्धा बरोबर आहे, त्यामुळे अर्धी प्लेट तू दे 😄

हिरवळवाला_काका:
ताई, पुरुषांच्या चार मेजर कोणी कागदावर शिक्का मारून ठरवल्या नाहीत, पेपरवाले आणि खेळाडू म्हणत गेले आणि तेच पडलं. बायकांचं तसं नाही, तिथे एलपीजीए टूर (बायकांच्या व्यावसायिक गोल्फची अमेरिकेतली संस्था) ठरवते, आणि ती यादी सारखी बदलत आलीय. आधी टायटलहोल्डर्स आणि वेस्टर्न ओपन नावाच्या मेजर होत्या, त्या गेल्या. मग १९७९ पासून कॅनडातली द्यू मोरिए मेजर होती. आता हे नाव सिगारेटचं बरं का, तिकडे तंबाखूच्या जाहिरातीवर कायदा कडक झाला, स्पॉन्सर गेला आणि २००० नंतर मेजरपणही गेलं. स्पर्धा कॅनेडियन ओपन म्हणून चालूच राहिली पण साधी. तिच्या जागी २००१ पासून विमेन्स ब्रिटिश ओपन आली.

एव्हियन १९९४ पासून आहे, एव्हियन मास्टर्स नावाने, आणि पाण्याचं म्हणशील तर हो, त्या पाण्याचा ब्रँड ज्यांचा त्या दानोन कंपनीच्या रिबू मंडळींनीच सुरू केली. २०१३ला पाचवी मेजर झाली. कोर्सही त्यासाठी बराच बदलला आणि पहिल्याच वर्षी पावसाने असा घोळ घातला की ७२ऐवजी ५४ होलच झाले, सुझान पेटर्सन जिंकली. म्हणजे पैसा होता हे खरंच, पण पैसा कुठे नाही? २०२५ला यूएस विमेन्स ओपनची बक्षिसाची रक्कम १ कोटी २० लाख डॉलर होती, एव्हियनची ८० लाख. मग काय पैशावरूनच ठरवायचं का खरं खोटं.

दांडियाबाजारकरीण:
काका मग जी २०१३च्या आधी जिंकली तिचं काय? तिला नंतर मेजर देतात का?

हिरवळवाला_काका:
इथेच तर खरी गंमत आहे. कोरियाची इनबी पार्क एव्हियन जिंकली कधी, तर २०१२ला. एक वर्ष आधी! ती मेजरमध्ये धरत नाहीत. २०१३ला तर तिने वर्षातल्या पहिल्या तिन्ही मेजर मारल्या, आणि २०१५ला टर्नबेरीला ब्रिटिश ओपन जिंकून चार वेगवेगळ्या मेजर पूर्ण केल्या. मग वाद लागला की पाच मेजर असताना चारवर करिअर ग्रँड स्लॅम (कारकिर्दीत सगळ्या मेजर जिंकल्याचा मान) कसा. एलपीजीए म्हणाली चार वेगवेगळ्या पुरेत, पाच केल्या तर सुपर. ते सुपर ऑस्ट्रेलियाच्या कॅरी वेबकडे आहे, पण तिच्या पाचात ती सिगारेटवाली द्यू मोरिएपण मोजलीय, १९९९ची. म्हणजे मेजरपण गेलेली स्पर्धा मोजतात आणि मेजर व्हायच्या आदल्या वर्षीची नाही. नियम म्हणून बरोबर आहे, त्या त्या वर्षी जे होतं ते, पण पार्कच्या जागी मी असतो तर झोप लागली नसती.

मांजलपूरची_मावशी:
पैशाचं राहू द्या, कोर्स बघा ना. अख्खा डोंगराच्या उतारावर, खाली जिनिव्हा लेक. जुन्या वाड्याच्या गच्चीवर गोटी सोडली की कशी कुठूनही मोरीकडेच जाते, तसं तिथे सगळं तळ्याकडे ओढतं. मी एकदा आपल्या लक्ष्मीविलासच्या गोल्फ कोर्सवर पुटर (होलजवळ बॉल ढकलायची काठी) धरला होता, चार हातांवर होल, उतार नावालाच, आणि बॉल शेजारून असा निघून गेला जसा काही ओळखतच नाही. तेव्हापासून टीव्हीवर कोणी पुट चुकली की मी हसत नाही. आणि त्याच डोंगरावर २०१६ला इन जी चुन २१ अंडर (ठरलेल्यापेक्षा २१ फटके कमी) गेली, तोवर कोणत्याही मेजरमध्ये एवढा चांगला स्कोअर झाला नव्हता. म्हणून काही जण सोपा कोर्स म्हणतात. येऊन एक पुट मारा म्हणावं.

जिंकणारीच्या देशाचा झेंडा आकाशातून पॅराशूटवाले घेऊन उतरतात ते मात्र मला जरा लग्नातल्या ड्रोनसारखं वाटतं.

सुरसागर_काठावरून:
आपल्या पोरींचं कोणी बोलेना. अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकला चौथी आली, आई कॅडी (काठ्यांची बॅग सांभाळणारी) होती, त्या सकाळी अख्खा भारत बर्डी-बोगी शिकला आणि दुपारी विसरला. आणि दीक्षा डागर, लहानपणापासून ऐकू येत नाही, डावखुरी, २०२३ला वॉल्टन हीथला विमेन्स ओपनमध्ये (काकांची ती ब्रिटिश ओपनच) बरोबरीत २१वी. मेजरमध्ये २१वी!! आपल्याकडे बाराव्या खेळाडूची जास्त बातमी येते.

दांडियाबाजारचा_दादा:
मी तोच दादा. सगळं वाचलं. मी पैसा ओतला म्हटलं ते काकांनी मान्य केलंय हे आधी नोंदवून ठेवा. पण इनबी पार्कचं वाचून वाईट वाटलं, २०१२ची ती एक मी माझ्याकडून मेजर धरतोय, एलपीजीएला काय म्हणायचं ते म्हणू दे. उसळ देतो. रविवारी, तरी वेगळ्या वाटीत, आणि पाव दोनच, तिसरा तुझ्या पैशाने.

दांडियाबाजारकरीण:
आईपण येतेय. तिचे दोन वेगळे.