नशीब आणि बुद्धी दोन्ही लागतील असा खेळ सुचवा (५०० रुपयांच्या आत)

मृद्गंध: माझे वडील बुद्धिबळ उत्तम खेळतात आणि दहा वर्षांची लेक रोज त्यांच्याकडून हरून हिरमुसते. सापशिडीत खेळणाऱ्याला काही ठरवायचेच नसते, म्हणून ती त्यांना सोसवत नाही. दोघांनाही जिंकण्याची आशा राहील असा खेळ सुचवावा.

गारवेल: डोळे मिटून कॅटान हा फाशांचा, वस्त्या वसवायचा पटावरचा खेळ घ्या. तुमच्या आकड्यात बसणार नाही, पण आमच्याकडे चार वर्षे रोज पट मांडला जातो.

तिरपी_चाल: कॅटानला किमान तिघे लागतात, येथे दोघेच आहेत. शिवाय दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी पाचांत आठ येतो, या हिशेबावर विसंबून मी आठ पडला की पीक देणाऱ्या शेतांभोवती दोन वस्त्या वसवल्या आणि सबंध डावात आठ एकदाच पडला. तो खोका आता माळ्यावर आहे.

पिंपळपान: सारीपाट घ्यावा. सहा कवड्या टाकल्या की सगळ्या उताण्या क्वचितच पडतात, त्यामुळे दानाचा अंदाज बांधता येतो आणि कोणती सोंगटी चालवायची हे आपल्याच हाती राहते.

जुनाजाणता: कवड्यांची ती पचीसी. सारीपाटाला लांबट फासे लागतात.

पिंपळपान: आमच्या आजीने आयुष्यभर कवड्यांनाच सारीपाट म्हटले.

गारवेल: कॅटानचाही विचार करावा.

एक्का: रमी शिकवा. सर्वोच्च न्यायालयानेही तो प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला आहे.

तिरपी_चाल: लहान मुलीला न्यायालयाचा दाखला कशाला? पाहायचे ते एवढेच की, फासा चालीच्या आधी पडतो की नंतर. आधी पडला तर वाईट दानातूनही वाट काढता येते. चाल केल्यावर फाशाने निकाल लावला, तर जाणता खेळाडू चिडतो. बॅकगॅमन, म्हणजे फासे टाकून सोंगट्या पटाबाहेर काढायचा खेळ, पहिल्या जातीचा आहे आणि दोघांचाच आहे.

मृद्गंध: सर्वांचे आभार. शेवटी काहीच विकत घेतले नाही. घरातलाच बुद्धिबळाचा पट आणि लुडोतला फासा घेऊन प्याद्यापासून राजापर्यंत सहा प्रकारच्या मोहऱ्यांना सहा आकडे दिले. जो पडेल तोच मोहरा हलवायचा.

जुनाजाणता: हे नवे नव्हे. अकराव्या शतकात अल् बिरुनीने भारतातल्या, चौघांनी फाशाने खेळायच्या बुद्धिबळाचे वर्णन केले आहे.

तिरपी_चाल: वडिलांना पटले का?

मृद्गंध: काल त्यांचा वजीर मात द्यायला टपलेला असताना लागोपाठ तीनदा प्याद्याचेच दान पडले आणि लेकीच्या घोड्याने तो वजीर मारला. फासा खोटा आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी तो सकाळपासून मिठाच्या पाण्यात टाकून ठेवला आहे.